आजीही पानावर, नातूही पानावर

पत्र थोडक्यात असं आहे : वय ३६. जन्म सोलापूरचा, घरात तेलुगू. मामांच्या छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवता जुळवता मुद्रितशोधन शिकले. गेली अकरा वर्षं पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेसाठी घरबसल्या, पानावारी दराने संपादन करतात. २०१६ मध्ये स्वतःचा एक कथासंग्रह आला. विडी वळणाऱ्या आजीवरची कादंबरी तीन वर्षं १४०व्या पानावर अडली आहे. पहिली तीन प्रकरणं मात्र अकरा वेळा लिहून झाली. मध्यंतरी एका नामवंतांच्या पुस्तकाचा दोन-तृतीयांश भाग यांनी नव्याने लिहून काढला. त्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला, यांचं नाव ऋणनिर्देशातही नाही. आता त्याच संस्थेने पुण्यात पूर्णवेळ संपादकाची नोकरी देऊ केली आहे, महिना ३८,००० रुपये. पत्नी दक्षिण सोलापूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, मुलगी चौथीत. ते विचारतात : ‘संपादनाने माझ्यातला लेखक मारला. नोकरी घेतली तर तो कायमचा गेला, नाही घेतली तर घराचं कसं? मी लेखक व्हावं की संपादक?’

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन नव्हतं, तरी डोळे संपादकाचेच होते. सत्तावीस वर्षांची खोड आहे, जात नाही. सात पानांत ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही की कुठे खाडाखोड नाही. स्वतःचं दुःख सांगतानाही तुम्ही आधी कच्चं लिहून मग सुवाच्य अक्षरात उतरवलंय. त्यावरून मला जे वाटलं ते पुढे सांगते. आधी पैशांचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नाच्या पोटात एक हिशेब आहे आणि तो चुकलाय.

‘लेखक की संपादक’ असं तुम्ही विचारता तेव्हा ही दोन पोट भरण्याची साधनं आहेत आणि त्यातलं एक निवडायचंय, असं तुम्ही धरून चालता. आता मांडून बघा. तुमची कादंबरी आली, किंमत ३०० रुपये. हजार प्रतींची आवृत्ती, मानधन छापील किमतीवर १० टक्के. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर तुमच्या हातात ३०,००० रुपये. विकायला तीन वर्षं लागली तर वर्षाला दहा हजार, म्हणजे महिन्याला आठशे तेहतीस. आणि हजार प्रती हे मी उदारपणे धरलंय; पाचशेची आवृत्ती आता सर्रास निघते. मराठीत निव्वळ लेखनावर घर चालवणारे लोक आहेत, नाही असं नाही, पण त्यांच्याकडे बघून गृहकर्जाचा अर्ज भरू नये.

तेव्हा तुमच्यापुढे निवड आहे ती वेगळी. पोटाचा धंदा कोणता, ते तुमचं आधीच ठरलेलं आहे : संपादन. आणि तो तुम्हाला येतो. लेखन हे त्याशिवायचं काम. आपल्याच गावातले, तुमच्यासारख्याच तेलुगू घरातले मारुती चितमपल्ली यांनी १९९० मध्ये निवृत्त होईपर्यंत वनखात्यात नोकरी केली. २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘वनाधिकारी व्हावं की लेखक’ असा प्रश्न त्यांना कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तुम्ही म्हणाल, त्यांना नोकरीने जंगल दिलं, मला नोकरीने काय दिलं? दुसऱ्यांची वाक्यं. बरोबर. पण तुमचं जंगल तुमच्या घरात होतं, सुपात तंबाखू घेऊन बसलेलं.

आता त्या पुरस्कारवाल्या पुस्तकाकडे येते, कारण पत्रातली अडीच पानं त्यानेच भरलीत. तुमच्याच आकड्यांनी सांगायचं तर २२० पानं, पानाला ४० रुपये, एकूण ८,८००. चार महिने. तुम्ही नाव न मिळाल्याचा राग धरलाय. मला जास्त राग या ८,८०० चा आला.

तुमची आजी हजार विड्यांमागे मजुरी घ्यायची, त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे जायचे, असं तुम्ही लिहिता. ती तेंदूच्या पानावर, तुम्ही छापील पानावर. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा तरी झाला. पानावारी संपादकासाठी असं काहीही नाही, त्यामुळे त्याची बाजू त्यालाच कागदावर आणावी लागते. आणि अकरा वर्षांत एकदाही तुम्ही ती आणलेली दिसत नाही.

यात एक गोष्ट तुमच्याकडूनही चुकली. तुम्ही जे केलंत ते संपादन नव्हतं. मुद्रितशोधन वेगळं, संपादन वेगळं, पुनर्लेखन वेगळं. पहिल्यात चुका निघतात. दुसऱ्यात प्रकरणांचा क्रम, तुटलेले धागे, चाळिसाव्या पानावर ‘पद्मा’ असलेली बाई एकशेबाराव्या पानावर ‘पद्मावती’ कशी झाली हे सगळं येतं, पण लिहायचं लेखकानेच असतं. संपादकाने समासात प्रश्न विचारायचा. तिसऱ्यात तुम्ही लेखकाच्या जागी बसता. तिसऱ्या कामाला पहिल्या कामाचा दर घेतलात आणि वर श्रेयाची अपेक्षा मनात ठेवलीत, बोलून दाखवली नाहीत. ज्या दिवशी हस्तलिखित उघडून ‘हे तर सगळंच नव्याने लिहावं लागेल’ असं कळलं, त्याच दिवशी थांबून फोन करायला हवा होता.

आता त्यामागे जाऊ नका. कायद्यात संयुक्त लेखकाची कल्पना आहे, पण ती दोघांनी मिळून केलेल्या निर्मितीसाठी. एकाचं हस्तलिखित दुसऱ्याने मुकाट्याने सावरलं हे सिद्ध करत बसण्यात तुमची वर्षं जातील. आणि चहाच्या टपरीवर ‘ते पुस्तक खरं मी लिहिलंय’ हेही सांगू नका. कळकळीने सांगते. या धंद्यात संपादकाची पत त्याच्या पोटात किती राहतं यावर असते. ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांचं नाव कुठल्या मुखपृष्ठावर नसायचं, तरी आजही संपादक म्हटलं की तीच नावं ओठावर येतात. फक्त हे दाखले देऊन कुणी तुमचे पैसे कमी करत असेल तर त्यालाही ऐकून घेऊ नका. मोठेपणाच्या गोष्टी बहुतेक वेळा मानधन ठरवायच्या आधी निघतात, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या कामापासून एवढं करा. हस्तलिखित हातात आलं की दर ठरवण्याआधी त्यातली वीस पानं करून बघा. सुरुवातीची नकोत, ती सगळेच घासूनपुसून देतात, मधली घ्या. त्यावरून काम तिन्हींपैकी कोणतं ते ठरवा आणि ईमेलने कळवा : काम कोणतं, दर काय, मुदत किती, लेखकाने दुसऱ्या खर्ड्यात पुन्हा भर घातली तर त्याचे वेगळे किती, आणि श्रेयपानावर ‘संपादन : अमुक’ ही ओळ येणार की नाही. प्रकाशकाने ‘चालेल’ एवढं एका शब्दात उत्तर दिलं तरी पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा नको, शब्द हवा. आपल्याकडे हे मागायला लोकांना संकोच वाटतो. मामांच्या दुकानात लग्नपत्रिकेचं प्रूफ पार्टीची सही घेतल्याशिवाय छापायला जात होतं का? मग इथे कसला संकोच?

आता कादंबरी.

तुम्ही म्हणता, संपादनाने लेखक मारला. मला पुरावा उलटा दिसतो. तीन प्रकरणं अकरा वेळा लिहिणारा लेखक मेलेला नसतो. त्याला कुणीतरी पुढे जाऊ देत नाहीये, आणि तो कुणीतरी म्हणजे प्रकाशक नव्हे, पानावारी काम नव्हे. इतरांच्या हस्तलिखितांविषयी बंद दाराआड काय बोललं जातं ते तुम्ही अकरा वर्षं ऐकलंय. ‘पहिली पन्नास पानं उडवा’, ‘हे यांनी छापायला का दिलं?’ असली वाक्यं तुम्हीही उच्चारली असतील. मी तर उच्चारली आहेत. आता ती आपल्याविषयी कुणी बोलेल याची भीती आहे. संपादकाचं एक सुख असतं बघा, त्याच्यावर परीक्षण येत नाही. त्या सावलीत तुम्ही बरेच दिवस बसलात. सोलापूरच्या उन्हात सावली सोडवत नाही हे मला मान्य आहे, पण दोष सावलीला देऊ नका.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तुम्ही सोबत कादंबरीची दोन पानं जोडलीत. पत्राच्या चौथ्या पानावर आजीची आठवण सांगताना तुम्ही लिहिता की दुपारी बाहेर पडलात की ती ओरडायची, ‘कुठं जाऊलालास बे, ऊन बघ की!’ सात पानी निर्दोष पत्रातलं हे एकच वाक्य असं आहे की ते वाचल्यावर मी खिडकीकडे बघितलं. आणि कादंबरीच्या दुसऱ्या पानावर तीच आजी म्हणते : ‘कुठे निघालास? बाहेर किती ऊन आहे!’

हा बदल कितव्या खेपेला झाला? मला वाटतं तिसऱ्या-चौथ्या. लेखकाने लिहिलं असणार तसं, आणि मग रात्री संपादकाने येऊन पुसलं असणार.

याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, कारण हा गुन्हा मी केलाय. पुण्यात कामाला लागून दोन वर्षं झाली होती. मंगळवेढ्याकडच्या एका मास्तरांच्या कथा आल्या. मी उत्साहाने सगळं ‘नीट’ केलं. क्रियापदं सरळ केली, म्हणी कमी केल्या, आईच्या तोंडच्या शिव्या तर साफच काढल्या. पुस्तक आलं, मास्तर एस.टी.ने पुण्याला आले, पेढे घेऊन. म्हणाले, ‘बाई, पुस्तक लई देखणं झालंय. फक्त माझी आय पुण्याची झाली.’ रागावले असते तर बरं झालं असतं. दुसरी आवृत्ती निघाली नाही, त्यामुळे ती पुण्याची आई अजून ग्रंथालयांच्या कपाटांत तशीच आहे. लेखकाच्या मजकुराची मोडतोड झाली तर तक्रार करायचा हक्क त्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने दिलेला आहे, हे मला फार पुढे कळलं. मास्तरांना कधीच कळलं नसेल.

तुम्ही लिहिता, ‘घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि उर्दू, शाळेत मराठी, त्यामुळे माझी मराठी कमावलेली आहे, जन्माची नाही.’ हे वाक्य तुम्ही कमीपणाने लिहिलंय. कमावलेली आहे म्हणूनच तुम्ही इतके चोख मुद्रितशोधक झालात. जन्माने मराठी असलेले आम्ही ‘आशीर्वाद’ लिहिताना अजून थबकतो. पण ज्या मराठीत तुमची आजी तुम्हाला हाक मारायची, तीही कमावलेलीच होती, तेलुगूच्या अंगाने वळलेली, आणि तिची तिला लाज नव्हती. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये वाढले. पात्रांच्या तोंडी असलेली बोली त्यांनी पुसायला सांगितलेली नाही. तुम्हाला ती कुणी पुसायला सांगितली?

(सोलापूरच्या लेखकाला सल्ला देताना माग, धोटा आणि उभे-आडवे धागे यांची उपमा द्यावी असा दंडक आहे. मी तो मोडतेय. तुमच्या वडिलांचे माग बंद पडले, ते उपमेसाठी नव्हे.)

काय करायचं ते सांगते. पहिली तीन प्रकरणं दुसऱ्याच्या ताब्यात द्या. खरोखर, प्रिंट काढा, बायकोच्या कपाटात ठेवा, संगणकावरून पेनड्राइव्हमध्ये हलवा. १४१व्या पानापासून वहीत लिहा, हाताने, ज्या यंत्रावर संपादन करता त्यावर नाही. आदल्या दिवशीचं शेवटचं वाक्य सोडून मागचं काही वाचायचं नाही. एखादा शब्द तेलुगूतच आठवला तर तेलुगूत लिहा, मराठी नंतर सुचेल, किंवा सुचणार नाही आणि तोच शब्द राहील. वेळ सकाळची, संपादनाच्या आधीची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे अकरानंतर यंत्र आणि डोकं दोन्ही तापतात हे तुम्हाला सांगायला नको. घरात जमत नसेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा. पूर्ण खर्डा होईपर्यंत तुमच्यातल्या संपादकाला सुट्टी.

खर्डा झाला की मात्र तुमच्यातल्या संपादकाला परत बोलावू नका. दुसरा शोधा. आपल्या पाठीवरचा तीळ आपल्याला दिसत नाही. शक्यतो असा माणूस बघा जो तुम्हाला ओळखत नाही, आणि त्याला त्याचा पूर्ण दर द्या, वर सांगितलेल्या सगळ्या अटींसकट. पैसे मोजून बोलणी खाण्याचा अनुभव प्रत्येक संपादकाने एकदा घ्यावा.

नोकरीचं. ३८,००० हा आकडा तुमच्या आताच्या सरासरी चोवीस हजारांपेक्षा मोठा दिसतो. पण पत्नीची नोकरी इथली. ती सोडायची नाही, हे तुम्हीच लिहिलंय आणि ते शहाणपणाचं आहे. म्हणजे दोन संसार. पुण्यातलं भाडं, जेवण, दर शनिवार-रविवारचं येणं-जाणं वजा केलं की वरचे चौदा हजार कुठे जातात ते कागदावर मांडा. मी तुमच्या जागी असते तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी तिसरी मागणी केली असती : सोलापुरात राहूनच ठरावीक मासिक मानधन, आणि महिन्यातून चार दिवस पुण्यात. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं, संध्याकाळी त्याच गाडीने रात्री घरी. आमच्या वेळी प्रुफांची पार्सलं एस.टी.ने यायची आणि एखादा फॉर्मा, म्हणजे सोळा पानं, कंडक्टरच्या सीटखाली राहून जायचा. तरी पुस्तकं निघायची. आता पीडीएफ मिनिटात येते. लेखकाशी समोरासमोर बसायला लागतं, त्यासाठी चार दिवस पुरतात. संस्थेने हे नाकारलं तर सहा महिने कॉट बेसिसवर राहून बघा, आणि सहा महिने असं आधीच सांगून जा. पुणं काही पळून जात नाही. मी तिथे सत्तावीस वर्षं राहून आले, तिथलं पाणी चांगलं आहे, एवढं खरं.

नोकरी कोणत्याही स्वरूपात घेतलीत तरी नेमणूकपत्रात एक वाक्य घालून घ्या : नोकरीबाहेर केलेल्या स्वतःच्या ललित लेखनाचे हक्क तुमचे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कायद्याने मालक-संस्था असते. कादंबरी त्यात बसत नाही, पण वाद होण्याआधीचं एक वाक्य वाद झाल्यानंतरच्या दहा पत्रांपेक्षा स्वस्त पडतं. आणि कादंबरी या संस्थेला देऊ नका. ते वाईट आहेत म्हणून नव्हे. तिथे तुमचं हस्तलिखित वाचणारा माणूस उद्या तुमच्या शेजारच्या टेबलावर बसलेला असेल, तो खरं बोलणार नाही.

दुसऱ्या प्रकाशकाशी करार करताना हेही बघा, आणि हे तुमच्यासारख्या इतरांसाठीही लिहितेय, कारण महिन्याला अशी दोन-तीन पत्रं येतात. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. पण ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ असं छापलेलं असेल आणि तुम्ही सही केलीत, तर मग कायदा तुमच्या मदतीला फारसा येणार नाही. छापील, ई-बुक, श्राव्य, भाषांतर, चित्रपट हे एकेक वेगळं लिहून घ्या. तुमच्या कादंबरीच्या बाबतीत तेलुगू भाषांतराचा हक्क मुद्दाम स्वतःकडे ठेवा. विचारणारा भेटेल असं मला वाटतं. आवृत्ती किती प्रतींची हे आकड्यात यायला हवं. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी, कुणी पैसे मागितले तर तिथून उठा. भारतात तो क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. ज्यांचं पहिलंच पुस्तक आहे त्यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी करावी. तुमचा संग्रह येऊन गेल्यामुळे तुम्ही त्यात बसणार नाही.

आणि ज्यांनी ‘सोलापुरात राहून संपादक कसं व्हायचं’ असं विचारलंय त्यांना थोडक्यात : श्रीलिपी या जुन्या टंकपद्धतीतल्या फाइलचं युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येईल असं रूप, करताना कुठे रफार उडतो आणि कुठे जोडाक्षर फुटतं हे आधी शिका. इथे प्राध्यापकांचे प्रबंध, संस्थांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ यांना मुद्रितशोधक मिळत नाही. गौरवग्रंथ कंटाळवाणे असतात, पण पैसे वेळेवर येतात.

तुमची दोन पानं परत पाठवतेय. त्यांवर मी काही लिहिलेलं नाही. पुढची पाठवाल तेव्हा १४१पासून पाठवा. पहिली तीन प्रकरणं मला वाचायची नाहीत.